पिझ्झाचा कोणता आकार सर्वांत परवडतो? व्यास, कड आणि उरलेले तुकडे यांचा हिशेब

मूळ धागा

गेल्या आठवड्यात आम्ही बारा जण एकत्र जमलो होतो आणि पिझ्झा मागवण्याचे काम माझ्याकडे आले होते. दुकानाच्या यादीत ८, ११ आणि १४ इंच असे तीन आकार होते. दोघांत एक लहान पिझ्झा पुरेल असा सरळ अंदाज बांधून मी आठ इंची सहा पिझ्झे मागवले. सहा खोके उघडले तेव्हा टेबल भरून गेल्यासारखे वाटले. पण पाऊण तासात सगळे संपले, निम्मी मंडळी अर्धपोटी राहिली आणि खोक्यांत उरल्या त्या करकरीत कडा. त्या कडांचा ढीग पाहून मला पहिल्यांदा शंका आली की आपण पैसे नेमके कशाचे मोजले. घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि जे हाती लागले ते येथे मांडते आहे, म्हणजे त्यातील चुका जाणकारांनी दुरुस्त कराव्यात.

प्रत्यक्ष रकमा देण्याऐवजी लहान पिझ्झाची किंमत १०० मानते आणि बाकीच्या त्याच प्रमाणात लिहिते. त्या यादीत मधला पिझ्झा साधारण १६० ला आणि मोठा २२० ला पडत होता. नुसते आकडे वाचले तर मोठा पिझ्झा महाग वाटतो, कारण ८ चे १४ इंच झाले म्हणजे पिझ्झा पावणेदोन पट झाला आणि किंमत मात्र सव्वादोन पटीच्या जवळ गेली, असे मन म्हणते. येथेच माझी गफलत झाली होती. इंचांत सांगितलेला आकडा हा व्यास असतो, आणि आपण खातो ते क्षेत्रफळ. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. दोन गोल पिझ्झांची तुलना करताना ‘पाय’ दोन्ही बाजूंना सारखाच येत असल्यामुळे तो सोडून द्यावा आणि नुसत्या व्यासांचे वर्ग समोरासमोर ठेवावेत, एवढे पुरते. आठाचा वर्ग ६४, अकराचा १२१ आणि चौदाचा १९६. म्हणजे मोठा पिझ्झा लहानाच्या पावणेदोन पट नसून तिपटीहून थोडा अधिक आहे, आणि त्यासाठी मागितलेली किंमत मात्र केवळ २.२ पट आहे.

हे वर्गच ‘भाग’ म्हणून मोजले तर माझ्या सहा लहान पिझ्झांचे एकूण ३८४ भाग झाले आणि त्यासाठी ६०० मोजले. दोन मोठे घेतले असते तर ३९२ भाग मिळाले असते आणि ४४० मोजावे लागले असते. थोडक्यात, किंचित कमी पिझ्झासाठी मी सुमारे ३६ टक्के जास्त पैसे दिले.

आता माझा प्रश्न असा आहे की ‘मोठाच घ्यावा’ हा नियम नेहमी खरा धरावा का, आणि किंमत कशाने भागावी: क्षेत्रफळाने, वजनाने, की प्रत्यक्ष खाल्ल्या गेलेल्या भागाने?

प्रतिसाद १

आपण व्यासांचे वर्ग घेण्याची जी युक्ती सांगितली आहे ती अगदी योग्य आहे, आणि मी वर्गात मुलांना क्षेत्रफळ शिकवताना नेमकी पिझ्झाचीच मदत घेतो. पिझ्झाचे सोळा बारीक तुकडे करावेत आणि एकाचे टोक वर, दुसऱ्याचे टोक खाली असे एकमेकांशेजारी रचावेत. जवळजवळ आयत तयार होतो. त्याची उंची म्हणजे त्रिज्या, आणि लांबी म्हणजे परिघाचा अर्धा भाग, कारण निम्म्या कडा वरच्या बाजूला जातात आणि निम्म्या खालच्या. वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास, हा नियम आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या सुमारास याच शब्दांत दिला आहे आणि परीघ-व्यासाचे गुणोत्तर ६२८३२ भागिले २००००, म्हणजे ३.१४१६, असेही सांगितले आहे. पिझ्झा मोठा होतो तेव्हा या आयताची लांबी तर वाढतेच, पण उंचीही वाढते. आपले डोळे मात्र एकच बाजू मोजतात. शेजारी शेजारी ठेवलेले दोन गोल पाहून एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे की दीडपट, हे सांगताना सुशिक्षित माणसांचीही फसगत होते, हे मी दरवर्षी पाहतो.

तोंडी हिशेबासाठी एक सोपा आधार लक्षात ठेवता येईल. व्यास सुमारे १.४ पट झाला की क्षेत्रफळ दुप्पट होते, कारण १.४ हे दोनाच्या वर्गमुळाच्या अगदी जवळ आहे. त्यामुळे ७, १०, १४ आणि २० इंच ही मालिका पाठ केली तर प्रत्येक पुढचा पिझ्झा मागच्याच्या दुप्पट निघतो (वर्ग ४९, १००, १९६, ४००). दहा इंचीपेक्षा चौदा इंचीची किंमत दुपटीहून कमी असेल तर चौदा इंची स्वस्त. दुपटीहून जास्त असेल तर दोन दहा इंची घेतलेले बरे. कागद-पेन्सिलही लागत नाही.

प्रतिसाद २

चौकोनी पिझ्झाचा विचार कोणी केला आहे का? बारा इंच बाजूचा चौरस आणि बारा इंच व्यासाचा गोल यांत चौरस सुमारे २७ टक्क्यांनी मोठा असतो, कारण गोलाने चौरसाचा फक्त ७८.५ टक्के भाग व्यापलेला असतो. दोघांची किंमत सारखी असेल तर चौकोनी घेण्यात उघड फायदा आहे. मात्र आयताकृती असेल तर दोन्ही बाजू विचाराव्यात, कारण यादीत कधी कधी फक्त लांब बाजू लिहिलेली असते.

प्रतिसाद ३

मी काही वर्षे पिझ्झाच्या स्वयंपाकघरात काम केले आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने, म्हणजे ओट्याच्या आतल्या बाजूने, थोडे लिहितो.

मोठा पिझ्झा प्रमाणाने स्वस्त का असतो, हे समजले की हिशेब अधिक पक्का होतो. एक पिझ्झा करायचा म्हणजे पिठाचा गोळा ओट्यावर घ्यायचा, थापून पसरवायचा, सॉस लावायचा, चीज आणि टॉपिंग पेरायचे, ओव्हनमध्ये सारायचा, वेळेवर काढायचा, कापायचा आणि खोक्यात घालायचा. गोळा लहान असो वा मोठा, हातांच्या हालचाली जवळजवळ तेवढ्याच होतात. जाडी सारखी असेल तर भाजण्याचा वेळही फारसा बदलत नाही, कारण उष्णता वरून आणि खालून आत शिरते, कडेने नव्हे. ऑर्डर लिहिणे, पैसे घेणे आणि पोचवणे यांचा खर्च तर आकारावर अवलंबून नसतोच. वाढतो तो माल: पीठ, सॉस, चीज. तो क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, पण तो एकूण किमतीचा एक भागच असतो. त्यामुळे दुकानदाराला मोठा पिझ्झा प्रमाणाने स्वस्तात देणे परवडते, आणि ग्राहकालाही मोठ्या आकड्याची भीती वाटू नये म्हणून तो किंमत फार चढवत नाही.

तरीही ‘क्षेत्रफळ तिप्पट म्हणजे पिझ्झा तिप्पट’ हे वाक्य जपून म्हणावे लागेल. क्षेत्रफळ हे जाडी सारखी असेल तरच खरे माप आहे. आमच्याकडे गोळ्याचे वजन भागिले तव्याचे क्षेत्रफळ असा एक आकडा काढत असत आणि सगळ्या आकारांत तो सारखा ठेवण्याचा प्रयत्न असे. बारा इंचीला २५० ग्रॅमचा गोळा घेत असाल तर तीच जाडी राखण्यासाठी चौदा इंचीला सुमारे ३४० ग्रॅम आणि सोळा इंचीला सुमारे ४४५ ग्रॅमचा गोळा लागतो. हा नियम सगळे पाळतातच असे नाही. सोळा इंचीला ४०० ग्रॅमवर भागवले तर पिझ्झा खोक्यात तेवढाच रुंद दिसतो, पण सुमारे दहा टक्क्यांनी पातळ असतो. चीजचेही तसेच आहे: मापाची वाटी दोन आकारांना दोन वाट्या आणि तीन वाट्या अशी ठरवलेली असते, आणि ती वाटी व्यासाचा वर्ग करत बसत नाही. मधोमध चीज सढळ हाताने आणि कडेकडे विरळ, असा मोठा पिझ्झा तुम्ही सर्वांनी पाहिलेला असेल.

म्हणून माझे मत असे आहे की ज्या दुकानातून वरचेवर मागवता, तेथले दोन आकार एकदा घरच्या वजनकाट्यावर ठेवून पाहावेत. खोक्यासकट वजन करून मग रिकाम्या खोक्याचे वजन वजा केले की झाले. पट्टीने व्यासही मोजावा. यादीत लिहिलेला आकडा कधी तव्याचा असतो, कधी भाजण्यापूर्वी पसरवलेल्या पिठाचा, आणि भाजताना पीठ आकसते.

प्रतिसाद ४

वरील सर्व हिशेब मला मान्य आहेत, परंतु त्यांतून निघणारा ‘मोठाच घ्या’ हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

मी एकटी राहते. माझी भूक आठ इंची पिझ्झाने भागते. धाग्यातील किमतींप्रमाणे मी लहान घेतला तर १०० देते आणि जेवण होते; मोठा घेतला तर २२० देते आणि तेवढेच जेवण होते. उरलेला दोन-तृतीयांश पिझ्झा स्वस्त पडला, हे समाधान माझ्या पानात येत नाही. तो मी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी खाल्ला तरच त्याला किंमत आहे; टाकला तर मी लहान पिझ्झासाठी दुपटीहून अधिक पैसे मोजले असाच त्याचा अर्थ होतो. किंमत क्षेत्रफळाने भागण्याऐवजी पोटात गेलेल्या क्षेत्रफळाने भागावी, असे माझे म्हणणे आहे. तसे केले तर मोठ्या पिझ्झाचा सुमारे ७२ टक्के भाग खाल्ला गेला तर तो लहानाच्या बरोबरीला येतो, आणि मधल्या अकरा इंचीच्या बरोबरीला येण्यासाठी ८५ टक्के भाग संपावा लागतो. त्याहून कमी खाल्ला गेला की स्वस्ताई संपली.

उरलेले तुकडे ठेवण्यालाही मर्यादा आहेत. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये आणि फ्रिजमध्ये ठेवले तरी तीन-चार दिवसांत संपवावे, हा नियम पिझ्झालाही लागू आहे. रात्री गप्पांच्या नादात खोका टेबलावर तसाच राहतो आणि सकाळी कोणीतरी त्याला फ्रिजमध्ये ढकलतो, असे अनेक घरांत होते. त्या तुकड्यांना मी ‘वाचलेले’ धरत नाही.

फ्रिजमधला पिझ्झा चामट लागतो, त्याचे कारण पिठातील स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट बांधला जातो. नीट गरम केल्यावर तो बराचसा सैल होतो. जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर तुकडा ठेवून वर झाकण घातले तर खालची बाजू कुरकुरीत होते आणि चीजही वितळते. मायक्रोवेव्हमध्ये मात्र तो आधी ओला आणि मग रबरासारखा होतो. हे सांगण्याचा उद्देश एवढाच की दुसऱ्या दिवशीचा तुकडा आवडीने खाल्ला जाणार असेल तरच तो हिशेबात पूर्ण किमतीने धरावा.

धागाकर्ती

चौथ्या प्रतिसादातील ताईंचे म्हणणे मला पटले. मी बारा जणांचा विचार करत होते, त्यामुळे उरण्याचा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नाही. पण ‘पोटात गेलेले क्षेत्रफळ’ हा त्यांचा शब्द वाचल्यावर मला त्या दिवशीच्या कडा आठवल्या आणि मी हिशेब पुन्हा मांडला. त्यातून जे निघाले ते मला मूळ हिशेबापेक्षाही धक्कादायक वाटले.

चारी बाजूंनी एक इंच रुंदीची कोरडी कड धरा. मग चीज आणि टॉपिंग असलेल्या आतल्या गोलाचा व्यास मूळ व्यासापेक्षा दोन इंचांनी कमी होतो. आठ इंची पिझ्झाचा आतला गोल सहा इंचांचा राहतो, म्हणजे ६४ पैकी केवळ ३६ भाग. तब्बल ४४ टक्के पिझ्झा कडेतच गेला. अकरा इंचीत १२१ पैकी ८१ भाग आत राहतात. चौदा इंचीत १९६ पैकी १४४, म्हणजे कडेत साधारण २७ टक्केच जातात. कड सगळ्या आकारांना सारख्याच रुंदीची असते, आणि म्हणूनच ती लहान पिझ्झाला जास्त खाते.

आता माझे सहा लहान पिझ्झे पाहा. एकूण ३८४ भागांपैकी आतला भाग २१६, आणि १६८ भाग नुसत्या कडा. दोन मोठ्यांत आतला भाग २८८ आणि कडा १०४. पूर्ण क्षेत्रफळाने पाहिले तर लहान पिझ्झा मोठ्यापेक्षा सुमारे ३९ टक्क्यांनी महाग होता. कड वगळली तर तो सुमारे ८२ टक्क्यांनी महाग ठरतो. खोक्यांत कडांचा ढीग का साठला आणि मंडळी उपाशी का राहिली, याचे उत्तर मला मिळाले.

प्रतिसाद ५

कड सर्वांनाच नकोशी असते असे नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. आमच्या घरात दोघे जण कडेवरच तुटून पडतात आणि चीज भरलेली कड असेल तर त्यांना आतला भागही नको असतो. अशा खाणाऱ्यांसाठी लहान पिझ्झात कडेचे प्रमाण अधिक असणे हा तोटा नसून लाभ आहे.

प्रतिसाद ६

या विषयावर एक मोठी पाहणी झालेली आहे. अमेरिकेतील एनपीआर या रेडिओ संस्थेने २०१४ मध्ये ३,६७८ पिझ्झा दुकानांतील ७४,४७६ किमती गोळा करून त्या व्यासासमोर मांडल्या होत्या, आणि मोठा पिझ्झा प्रति चौरस इंच स्वस्त पडतो हेच चित्र त्यातून निघाले. ती एका देशातील किमतींची पाहणी आहे, पण तिसऱ्या प्रतिसादात सांगितलेली कारणे, म्हणजे मजुरी, भाजणे आणि पोचवणे यांचा जवळजवळ स्थिर खर्च, सगळीकडे सारखीच असल्यामुळे निष्कर्षाने आश्चर्य वाटू नये.

मला मात्र सरासरीपेक्षा वाढीव किमतीकडे लक्ष वेधायचे आहे, कारण दुकानात उभे असताना प्रश्न ‘लहान की मोठा’ असा क्वचितच असतो. तो ‘आणखी थोडे पैसे घालून पुढचा आकार घ्यावा का’ असा असतो. धाग्यातील आकडे घेतले तर लहानावरून मधल्यावर जाताना ६० जास्त मोजून ५७ भाग जास्त मिळतात. मधल्यावरून मोठ्यावर जाताना तेवढेच ६० मोजून ७५ भाग मिळतात. म्हणजे दुसरी पायरी पहिलीपेक्षाही स्वस्त आहे. त्यामुळे मधला पिझ्झा घेण्याची आपली नेहमीची सवय, की जी ‘फार लहान नको, फार मोठा नको’ या समंजस वाटणाऱ्या भावनेतून येते, तिला या यादीत गणिताचा आधार सापडत नाही. आधार सापडू शकतो तो फक्त चौथ्या प्रतिसादातील, म्हणजे भुकेचा.

पोचवण्याचे शुल्कही जोडून पाहावे. ते ऑर्डरमागे ४० धरले आणि एकच पिझ्झा मागवला, तर लहानाचे १४० आणि मोठ्याचे २६० होतात. मग प्रति भाग लहान पिझ्झा ३९ नव्हे तर सुमारे ६५ टक्क्यांनी महाग पडतो. जादा टॉपिंगचे शुल्क सगळ्या आकारांना सारखे असेल तर ते मोठ्यावरच घ्यावे. तेवढ्याच पैशांत तिप्पट जागेवर टॉपिंग येते, अर्थात स्वयंपाकघरात ते खरोखर तिप्पट घातले जात असेल तर.

प्रतिसाद ७

सवलतींबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ‘एकावर दुसरा निम्म्या किमतीत’ यासारखी सवलत लागली की वरची सगळी क्रमवारी बदलू शकते. पहिल्या प्रतिसादातील मालिकेप्रमाणे दोन दहा इंची पिझ्झे (२०० भाग) आणि एक चौदा इंची (१९६ भाग) जवळपास सारखे आहेत, त्यामुळे दहा इंचीची जोडी चौदा इंचीपेक्षा स्वस्त मिळत असेल तर जोडी घ्यावी. शिवाय दोन वेगळे प्रकार चाखता येतात. पण सवलतीची जोडी आठ इंचीची असेल तर तिचे १२८ भागच होतात. दोन खोके हातात आले म्हणजे एका मोठ्या पिझ्झाएवढे मिळाले, अशी समजूत करून घेऊ नये.

दुसरे असे की तुकड्यांच्या संख्येवर कधीही विश्वास ठेवू नये. बारा इंचीचेही आठ तुकडे करतात आणि सोळा इंचीचेही आठच. सोळा इंचीचा एक तुकडा बारा इंचीच्या पावणेदोन तुकड्यांहून थोडा मोठा असतो. ‘प्रत्येकी तीन तुकडे’ असा हिशेब करून ऑर्डर देणाऱ्यांनी आधी व्यास विचारावा.

प्रतिसाद ३ लिहिणारे सदस्य पुन्हा

पाचव्या प्रतिसादाच्या निमित्ताने कडेबद्दल थोडी भर घालतो. कड म्हणजे उरलेले पीठ नव्हे. ती नीट फुगलेली, आतून जाळीदार आणि बाहेरून किंचित करपलेली असली तर तो पिझ्झाचा सर्वांत चांगला भाग असतो, असे मी मनापासून मानतो. कडा ढिगाने उरत असतील तर दोष आकाराबरोबर भाजणीचाही असतो. पीठ पुरेसे आंबले नाही किंवा ओव्हन थंड राहिला की कड दगडासारखी होते आणि मग ती कोणीच खात नाही.

तिच्या रुंदीला मापही असते. युरोपीय संघाने २०१० मध्ये नेपल्सच्या पारंपरिक पिझ्झाची नोंद केली, तेव्हा व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावा आणि उंचावलेली कड १ ते २ सेंटिमीटर असावी असे नियमात लिहिले. पूर्ण ३५ सेंटिमीटरचा पिझ्झा घेतला तर १ सेंटिमीटर कडेने आतला भाग सुमारे ८९ टक्के राहतो आणि २ सेंटिमीटर कडेने ७८ टक्के. कडेची रुंदी एका सेंटिमीटरने बदलली आणि आतला भाग एकूण पिझ्झाच्या दहा टक्क्यांहून अधिक घटला. म्हणून ज्यांना कड नको आहे त्यांनी व्यासाइतकेच कडेकडे लक्ष द्यावे. ‘कडेपर्यंत चीज’ असे सांगितले तर बरीच दुकाने ऐकतात.

प्रतिसाद ८

माझ्या लेकीला नेहमी मधला भाग हवा असतो, आणि कडेकडचा भाग आमच्या वाट्याला येतो. त्यात तिला जास्त मिळते की आम्हाला, यावर घरात वाद होत असे. या धाग्यामुळे मी शेवटी ते काढले. चौदा इंची पिझ्झाचे अर्धे क्षेत्रफळ मधल्या सुमारे ९.९ इंच व्यासाच्या गोलात असते, आणि उरलेले अर्धे बाहेरच्या दोन इंच रुंदीच्या पट्ट्यात. पाहताना तो पट्टा अगदीच चिंचोळा वाटतो, पण तो निम्मा पिझ्झा आहे. माझ्या मते दुकानांच्या यादीतला ‘फक्त दोन इंच मोठा’ हा फरक आपण कमी लेखतो तो याच कारणाने: ते दोन इंच नेहमी सर्वांत बाहेर, म्हणजे जेथे घेर सर्वांत मोठा असतो तेथेच, वाढत असतात.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी त्याच दुकानातून मी एक लहान आणि एक मोठा पिझ्झा मुद्दाम मागवला आणि शिवणकामाची टेप व स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसले. कापण्यापूर्वी दोन दिशांनी मोजले. लहान पिझ्झा ८ ऐवजी ७.५ इंच भरला आणि मोठा १४ ऐवजी १३.५. दोन्हीकडे अर्धाच इंच कमी, पण वर्ग केल्यावर लहानाचे १२ टक्के क्षेत्रफळ गेले होते आणि मोठ्याचे केवळ ७ टक्के. यादीतला आकडा जेवढ्या इंचांनी फुगवलेला असतो, त्याची झळ लहान पिझ्झाला जास्त लागते, हे माझ्या कागदावरच्या हिशेबात नव्हते.

वजनाने मात्र मोठ्याची बाजू थोडी उतरली, आणि स्वयंपाकघरात काम केलेल्या सदस्यांची शंका खरी ठरली. लहान ३१० ग्रॅम भरला आणि मोठा ८७०. मोजलेल्या व्यासांप्रमाणे क्षेत्रफळ ३.२ पट होते, वजन मात्र २.८ पटच; मोठा पिझ्झा चक्क पातळ होता, आणि कापताना मधल्या टोकाशी तो वाकत होता हेही दिसले. क्षेत्रफळाने मोठा ३२ टक्क्यांनी स्वस्त पडला असता, वजनाने तो सुमारे २२ टक्क्यांनी स्वस्त पडला. तरी पडला तो स्वस्तच. मोठ्यातील चार तुकडे उरले होते. ते रात्रीच फ्रिजमध्ये ठेवले आणि आज सकाळी झाकण घालून तव्यावर गरम केले. ते संपले.

पुढच्या महिन्यात आम्ही तेच बारा जण पुन्हा जमणार आहोत. दोन चौदा इंची आणि एक अकरा इंची असे मागवायचे मी ठरवले आहे. त्याचे ६०० होतात, म्हणजे मागच्या वेळी सहा लहान पिझ्झांना दिले होते तेवढेच. यादीतल्या व्यासांप्रमाणे ३८४ ऐवजी ५१३ भाग येतील, आणि कडेच्या आतले भाग २१६ ऐवजी ३६९. चीज कडेपर्यंत घालायला सांगणार आहे, आणि ज्यांना कडच आवडते अशा दोघांसाठी अकरा इंची वेगळा ठेवणार आहे.